सहावीच्या वहीतला पूल

आमदार झाल्यानंतर सरांनी पहिली चोरी केली ती स्वतःच्याच घरात. बायकोच्या टेबलावर सहावीच्या बेचाळीस वह्यांचा गठ्ठा होता. त्यातल्या वरच्या सहा वह्या त्यांनी उचलल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि राजधानीला न्यायच्या बॅगेत बनियनांच्या खाली दडवल्या. बाई मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या. चोरी इतक्या सफाईने झाली की सरांना स्वतःचीच थोडी भीती वाटली.

सर ज्या शाळेत शिकवत, त्याच शाळेत त्यांची बायकोही शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला बाई म्हणायचं. घाईगडबडीत कधी कधी सरसुद्धा. चोरीचं कारण मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सरांना वह्या तपासायची तलफ येत होती. एकोणतीस वर्षं त्यांनी भाषा शिकवली होती. संध्याकाळी मांडीवर उशी, उशीवर वही, शेजारी चहाचा कप आणि हातात लाल पेन, असा त्यांचा दिवस संपायचा. सात महिन्यांपूर्वी ते निवडून आले आणि वह्या बंद झाल्या. आता त्यांच्याकडे फायली यायच्या. फायलींत चुका वह्यांपेक्षा जास्त असायच्या, पण लाल पेन लावायची सोय नव्हती.

ते आमदार झाले तेही एका गैरसमजातून. शाळेचं छप्पर गळत होतं. सरांनी आधीच्या आमदारांना अर्ज केला. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असं उत्तर आलं. छप्पर गळत राहिलं. दुसऱ्या अर्जालाही तेच उत्तर. असे एकोणीस अर्ज झाल्यावर सरांनी एकोणिसाव्या उत्तरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनने सुधारल्या, खाली ‘पुन्हा लिहून आणा’ असा शेरा मारला आणि कागद परत पाठवून दिला. आमदार भर सभेत चिडून म्हणाले, “एवढं कळतं तर मास्तरांनी स्वतःच निवडून यावं.” सर सरळ माणूस. त्यांना ती सूचना वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म आणला.

प्रचाराला त्यांच्याकडे एक सायकल होती आणि एकोणतीस वर्षांत शिकवलेले विद्यार्थी. सर दारात दिसले की घरातला कर्ता माणूस आधी हातातली विडी लपवायचा, मग उभा राहायचा आणि मग विचारायचा, “सर, मी काय केलं?” नुसतं मत मागायला आलोय म्हटल्यावर त्या माणसाला इतकं सुटल्यासारखं वाटायचं की तो घरातली सगळीच मतं देऊन टाकायचा. सर चारशे अकरा मतांनी निवडून आले. बाईंनी हार बाजूला ठेवला आणि विचारलं, “आता सातवीचं व्याकरण कोण घेणार?” सरांनी याचा विचार केला नव्हता.

अधिवेशनाच्या तिसऱ्या दिवशी त्यांना सभागृहात बोलायची पहिली संधी मिळाली. दोन मिनिटं. विषय, शाळांची छपरं. सुट्या कागदावर त्यांना सुचत नसे, म्हणून भाषणही त्यांनी तपकिरी कव्हर घातलेल्या वहीतच लिहिलं होतं. चोरलेल्या सहा वह्यांनाही तसंच कव्हर. त्यातल्या पाच आमदार निवासाच्या खोलीत तपासून झाल्या होत्या. सहावी टेबलावर भाषणाच्या वहीशेजारी पडली होती. निघायच्या वेळी सरांनी वही उचलली, बॅगेत टाकली आणि ते गेले.

जेवणानंतरची वेळ होती. मागच्या बाकांवर गप्पा चालल्या होत्या, पुढच्या रांगेत बांधकाममंत्री पोटावर हात ठेवून शांत झोपले होते. अध्यक्षांनी सरांना पुकारलं. आजवर सर उभे राहिले की समोरचे सगळे उठून उभे राहायचे. इथे कुणी मान वर केली नाही. ते गडबडले. चष्मा लावला, वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले.

“मी रोज सकाळी साडेपाचला उठते.”

सभागृहाने मान वर केली.

“कोण उठते?” मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

सरांनी कव्हर पाहिलं. सहावी ब. खाली बसावं तर पुन्हा सात महिने पाळी येणार नव्हती. छपरांचं भाषण तोंडी म्हणावं तर ‘अध्यक्ष महोदय’च्या पुढे एक अक्षर आठवेना. “सन्माननीय सदस्यांचा वेळ सुरू झाला आहे,” अध्यक्ष म्हणाले. मग धडा न आलेला मुलगा जे करतो तेच सरांनी केलं. समोर जे होतं ते वाचत सुटले.

“माझा शाळेत येण्याचा रस्ता फार मोठा आहे. आधी खाणीचा उतार लागतो. मग ओढा लागतो. ओढ्यावर लाकडी पूल आहे, पण त्याच्या पाच फळ्या मोडल्या आहेत आणि बाकीच्या फळ्यांचा भरवसा नाही. म्हणून बाबा मला खांद्यावर घेतात आणि पाण्यातून चालतात. पाणी त्यांच्या छातीपर्यंत येतं. मी दप्तर डोक्यावर धरते आणि दप्तरावर बाबांच्या वहाणा धरते. बाबा मध्येच थांबतात, कारण त्यांना खालचा दगड पायाने शोधावा लागतो. तेव्हा मी त्यांच्याशी बोलत नाही, मनात सातचा पाढा म्हणते. पाणी वाढलं की मी शाळेत येत नाही. बाई हजेरी घेताना माझं नाव घेतात, ते मला ऐकू येत नाही. पण किती वाजता घेतात ते मला माहीत आहे. तेव्हा मी घरूनच ‘हजर’ म्हणते.”

निबंध संपला. सरांनी सवयीने वही मिटली आणि सवयीनेच म्हणाले, “छान. शुद्धलेखनाच्या फक्त दोन चुका.”

कुणी हसलं नाही. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली होती. बांधकाममंत्र्यांना गोंधळात गाढ झोप लागायची, शांततेची त्यांना सवय नव्हती. ते दचकून जागे झाले. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. मागच्या अधिकाऱ्याने पुढे सरकवलेल्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते, ‘पूल, मोडका’. मंत्री उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “अध्यक्ष महोदय, सदर पुलाची दुरुस्ती तीस दिवसांत करण्यात येईल.”

सगळ्या बाजूंनी बाकं वाजली. विरोधी बाजूचे एक वयस्क सदस्य डोळे पुसत सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, “तेहेतीस वर्षांत असं भाषण ऐकलं नाही.” सरांना खरं सांगायचं होतं, पण तेवढ्यात वार्ताहरांनी गाठलं.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला.

“सहा वह्या कुठायत?” बाईंनी पहिला प्रश्न विचारला.

“अगं, आज सभागृहात…”

“ऐकलं मी बातम्यांत. आधी वह्यांचं सांगा. सहा पोरांना मी वही दिली नाही म्हणून झापलं. पोरं शपथा घेत होती, तरी झापलं. एकाला तर वर्गाबाहेर उभं केलं.”

“माझ्याकडे आहेत,” सर म्हणाले. “तपासायला आणल्या होत्या,” ते अजून हळू म्हणाले.

“मागितल्या असत्या तर दिल्या असत्या ना, अहो.” बाईंचा आवाज जरासा उतरला. “बरं, आता नीट ऐका. तुम्ही जी वाचलीत ती टाचणीची वही. त्या सहांत असं लिहिणारी ती एकटीच.”

टाचणी म्हणजे शिंप्याची मुलगी. बारीक, उंच, आणि कुठेही टोचणारी, म्हणून सगळी शाळा तिला टाचणी म्हणायची.

“फार सुंदर लिहिलंय,” सर म्हणाले.

“लिहिलंय सुंदर. पण त्या ओढ्यावर पूल नाहीये.”

“मोडलाय. माहीत आहे. तेच तर वाचलं.”

“मोडलेला नाही हो. नाहीच. कधी नव्हताच. आणि टाचणी कसली ओढा ओलांडते? ती शाळेच्या मागच्या गल्लीत राहते. घंटा ऐकून घरातून निघते आणि हजेरीला पोचते. तेही उशिरा.”

सर खोलीतल्या लोखंडी खाटेवर बसले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीसाठी काढलेला त्यांचा फोटो डोळ्यांसमोर उभा राहत होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पूल नसल्याचं सांगणारं पत्र बांधकाममंत्र्यांना लिहायला घेतलं. पण खातं त्यांच्या पत्रापेक्षा पुढे धावत होतं. एरवी या खात्यात कागद एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला पंधरवडा घ्यायचा. बातमी छापून आल्यामुळे या वेळी सगळं झटपट झालं. दुरुस्तीचा आदेश निघाला. अभियंता पाहणीला आला आणि त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘जागेवर पूल आढळून आला नाही.’ वरून विचारणा झाली, ‘पूल का आढळून आला नाही, याचा खुलासा करावा.’ अभियंत्याला खुलासा सुचेना. पूल नव्हताच असं लिहावं तर मंत्री सभागृहात खोटं बोलले असा अर्थ निघत होता. त्याने विचार करून लिहिलं, ‘वाहून गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ त्यावर वरून शेवटचा कागद आला. पूल वाहून जाईपर्यंत त्या भागाच्या मुकादमाने काय केलं, याबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस देण्यात यावी.

शनिवारी सर घरी आले तेव्हा मुकादम त्यांची वाट बघत ओट्यावर बसले होते. निवृत्तीला दोन महिने राहिलेला, उन्हाने रापलेला माणूस. सरांपेक्षा वयाने थोडे मोठे, म्हणून सरांच्या हाताखाली शिकलेले नव्हते. त्यांची तिन्ही मुलं मात्र शिकली होती. त्यांनी खिशातून घडी घातलेली नोटीस काढली.

“सर, चौतीस वर्षं नोकरी झाली. माझ्याकडून एक घमेलं हरवलं नाही. फावड्यांचे दांडेसुद्धा मोजून ठेवतो मी. आणि आता म्हणताहेत, पूल हरवला.”

सरांनी त्यांना पाणी दिलं.

“मी काल ओढ्याच्या खालच्या अंगाला चार मैल चालून आलो,” मुकादम म्हणाले. “म्हटलं, असलाच पूल तर कुठेतरी अडकला असेल. नोटिशीत लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार ना, सर? मला वाटलं, माझ्याच ध्यानातून गेला की काय.”

हे ऐकून सर खचले. आपल्या एका चोरीपायी एका सज्जन माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. “पूल नव्हता, मुकादम,” ते म्हणाले. “तुमचं काहीही हरवलेलं नाही. माझंच चुकलं.” आणि त्यांनी वहीपासून सगळं सांगितलं. मुकादमांनी ते सावकाश ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “म्हणजे नव्हता ना? नक्की?” सरांनी नक्की म्हटल्यावर त्यांनी पेलाभर पाणी एका दमात संपवलं.

रविवारी सकाळी अभियंता आला. तो सरांचाच विद्यार्थी, त्यामुळे खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. मुकादमही होते.

“सर, एक मार्ग आहे,” अभियंता म्हणाला. “आपण गप्प बसायचं. ओढ्यात दोन कुजके खांब रोवायचे. मी लिहितो, पुलाचे अवशेष आढळले. मुकादमांची नोटीस जाते. दुरुस्तीचा आदेश निघालेलाच आहे, त्यातच सगळा पूल उभा करता येतो.”

“आणि खरं सांगितलं तर?”

“तर तो नवीन पूल ठरतो, सर. मग मागणी, सर्वेक्षण, आराखडा, समिती. आत्ता सहावीत असलेल्या मुलीची नात त्या पुलावरून शाळेत जाईल.”

“खांब मी बघून ठेवलेत,” मुकादम खाली बघत म्हणाले. “चांगले कुजलेत.”

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही सल्ला दिला नाही. त्या उठल्या, चपला घातल्या आणि दहा मिनिटांत टाचणीला आणि तिच्या वडिलांना घेऊन आल्या. शिंपी गळ्यातली टेप काढायला विसरला होता. टाचणीने खोलीतल्या मोठ्या माणसांकडे एकेक करून पाहिलं आणि ती दाराला टेकून उभी राहिली.

“घाबरू नकोस,” सर म्हणाले. “मला फक्त सांग, तू तसं का लिहिलंस?”

“बाई म्हणाल्या एक पान तरी लिहा,” टाचणी म्हणाली. “माझा रस्ता चार ओळींत संपतो, सर. घर, गल्ली, पाण्याची टाकी, शाळा. टाकीचं वर्णन केलं तरी पाचच ओळी झाल्या.”

“मग ओढा कुठून आणलास?”

“तो माझ्या मैत्रिणीचा आहे. पाथरवटाची मुलगी. ती माझ्या शेजारी बसते. तिचे बाबा तिला खांद्यावरून आणतात, ते सगळं खरं आहे. तिला निबंध लिहायचा कंटाळा येतो आणि तिचा रस्ता मोठा आहे, म्हणून मी तिला विचारून घेतला.”

“विचारून” हा शब्द सरांना लागला.

“आणि पूल?”

“पूल माझा.” टाचणी जरा खाली बघत म्हणाली. “मैत्रिणीला रोज पाण्यातून यायला लागतं, म्हणून मी तिला पूल घालून दिला. मग लक्षात आलं, पूल चांगला असला तर बाबा खांद्यावर कशाला घेतील? म्हणून फळ्या मोडल्या.”

अभियंत्याने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

“ती आता दोन आठवडे शाळेत नाहीये,” बाई म्हणाल्या. “ओढ्याला पाणी आहे.”

मग टाचणीने विचारलं, “सर, पूल खोटा आहे हे मी वही परत मिळाली की बाईंना सांगणार होते. पण वही मिळालीच नाही. आता कुणाला सांगायचं? बाईंना की सभागृहाला?”

“तू बाईंना सांगितलंस, झालं,” सर म्हणाले. “सभागृहाला मी सांगतो.”

अभियंता उठला. जाताना दारात थांबून म्हणाला, “सर, पूल जाईल हातचा.” सर म्हणाले, “जाईल.” त्या दुपारी ते जेवले नाहीत. बाईंनी गठ्ठ्यातल्या दहा वह्या काढून मुकाट त्यांच्यासमोर ठेवल्या. सरांनी एक उघडली, पाच मिनिटं तिच्याकडे बघितलं आणि मिटून ठेवली.

सोमवारी त्यांनी वैयक्तिक खुलाशासाठी वेळ मागितला. एक मिनिट मिळालं. या वेळी हातात काहीच नव्हतं. ते म्हणाले की आपण दुसऱ्याची वही न विचारता आणली आणि भाषण म्हणून वाचली. त्या ओढ्यावर पूल नाही आणि कधीही नव्हता. मुकादमांनी काहीही हरवलेलं नाही, त्यांना दिलेली नोटीस मागे घ्यावी. ओढा मात्र आहे, पाणी आहे, खांद्यावरून येणारी मुलगी आहे, आणि सध्या ती शाळेत येऊ शकत नाही. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “शिक्षा मला व्हावी.” आणि खाली बसायचं विसरून तसेच उभे राहिले.

सभागृह आधी गार पडलं आणि मग विरोधी बाकांवरून आवाज आला, “नसलेला पूल तीस दिवसांत दुरुस्त करणारं सरकार.” त्यानंतर दहा मिनिटं काही ऐकू आलं नाही. मागच्या आठवड्यात डोळे पुसणारे वयस्क सदस्य आता पोट धरून हसत होते. बांधकाममंत्र्यांचा चेहरा लाल झाला. मुकादमांची नोटीस मागे घेतल्याचं त्यांना तिथल्या तिथे सांगावं लागलं. पुलाबद्दल ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. सर त्यांच्या दालनात गेले. मंत्र्यांनी बसायला सांगितलं नाही.

“मास्तर, आज माझी पार शोभा झाली.”

“हो,” सर म्हणाले. “मला वाईट वाटतं.”

“गप्प बसला असतात तर पूल झाला असता. माझा अभियंता बोलला नव्हता का तुमच्याशी?”

“बोलला. पण मुलीला खोटं लिहू नकोस म्हणायचं आणि तेच आपण छापून घ्यायचं, हे मला जमेना.”

मंत्री खिडकीशी गेले. “या खोलीत मिळत नाही ते मागायला रोज शंभर माणसं येतात,” ते म्हणाले. “मिळालेलं परत करायला आलेले तुम्ही पहिले.” मग वळून त्यांनी विचारलं, “ती मुलगी घरून ‘हजर’ म्हणते, ते तरी खरं का?”

सर विचारात पडले. “ते मी टाचणीला विचारलं नाही. मैत्रिणीलाच विचारावं लागेल.”

“मग विचारू,” मंत्री म्हणाले. “रविवारी.”

रविवारी मंत्री खरंच आले. बरोबर एकच गाडी आणि अभियंता. सर, बाई, टाचणी आणि मुकादम ओढ्यावर थांबले होते. पाणी कालपासून उतरू लागलं होतं, तरी छातीभर होतं. पलीकडच्या काठावर पाथरवट आणि त्याची मुलगी उभी होती. मंत्र्यांनी मोठ्याने प्रश्न विचारून पाहिला. पाण्याच्या आवाजात पलीकडे काही कळलं नाही. मुलीने नुसता हात हलवला.

“पलीकडे जायचं कसं?” मंत्र्यांनी विचारलं.

“जातात तसं,” मुकादम म्हणाले.

पाथरवट पाणी कापत अलीकडे आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने मंत्र्यांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, दगडाचा अंदाज घेतात तसं, आणि पाठ करून खाली बसला. “बसा, साहेब.” मंत्री अंगाने भरलेले होते. त्यांनी अभियंत्याकडे पाहिलं, अभियंता आभाळाकडे बघत होता. बूट हातात घेऊन बांधकाममंत्री पाथरवटाच्या खांद्यावर बसले आणि दोघं पाण्यात शिरले.

बरोबर मध्यावर पाथरवट थांबला. मंत्र्यांनी एका हाताने त्याचे केस पकडले. बूट त्यांनी डोक्यावर धरले होते.

“का थांबलास?”

“दगड शोधतोय, साहेब.” मध्यावरून मात्र आवाज काठापर्यंत येत होता. “पूल किती दिवसांत होईल म्हणाला होतात?”

“तो दुरुस्तीचा विषय होता. नवीन पुलाचं वेगळं असतं. समिती बसवावी लागते.”

“असेल,” पाथरवट म्हणाला. “किती वेळ बसते समिती?”

“अरे, आधी पलीकडे तर चल.”

“आम्हाला घाई नाही, साहेब. दगड सापडेपर्यंत मी उभा आहे.”

काठावर बाईंनी सरांकडे पाहिलं. वर्गात कुणी नुसती मान वळवली तरी सरांना पाठमोरे असतानाही कळायचं. पण त्या क्षणी ते वळले आणि मुकादमांशी हवापाण्याबद्दल बोलू लागले. ओढ्याच्या मध्यावर हळू आवाजात थोडी बोलणी झाली. काठापर्यंत फक्त “बरं, साठ” एवढंच ऐकू आलं आणि लगेच पाथरवटाला दगड सापडला.

दुसऱ्या खेपेला त्याने सरांना नेलं. ते पोचले तेव्हा मंत्री ओल्या विजारीने मुलीसमोर उकिडवे बसले होते.

“तू म्हणे शाळेत नसलीस तरी घरून ‘हजर’ म्हणतेस. खरं का ते?”

मुलीने आधी सरांकडे, मग मंत्र्यांकडे पाहिलं. “नाही,” ती म्हणाली.

मंत्र्यांचा चेहरा पडला. सरांचाही.

“मी ‘हजर, बाई’ म्हणते,” मुलगी म्हणाली. “नुसतं ‘हजर’ म्हटलेलं बाईंना चालत नाही.”

पूल त्रेपन्नाव्या दिवशी झाला. चार हात रुंद, लोखंडी खांबांचा, दोन्ही बाजूंना कठडे. मुकादमांच्या नोकरीतला तो शेवटचा आठवडा होता. सगळ्या फळ्या त्यांनी स्वतः मोजून घेतल्या. पहिल्या सकाळी सर आणि बाई अलीकडच्या टोकाला उभे होते. टाचणी आज प्रथमच घंटेच्या आधी घरातून निघून आली होती. पलीकडून पाथरवट आणि त्याची मुलगी येताना दिसले. पुलाच्या तोंडाशी येऊन मुलगी थांबली ती थांबलीच. पाथरवट तिला काहीतरी सांगत होता, ती मान हलवत होती. शेवटी तो एकटाच चालत अलीकडे आला.

“काय झालं? घाबरली का?” बाईंनी विचारलं.

“नाही, बाई.” पाथरवट अवघडला होता. “ती म्हणते, पूल झाला म्हणजे आता खांद्यावर कोण घेणार? पूल नको म्हणते.”

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. टाचणीने मात्र लगेच निकाल लावला. ती धावत पलीकडे गेली, मैत्रिणीच्या कानाला लागली आणि तिथूनच तिने हात करून पाथरवटाला बोलावलं.

अर्ध्या पुलापर्यंत खांद्यावर आणि पुढे चालत, असं ठरलं. पाथरवटाने मुलीला खांद्यावर घेतलं. कोरड्या, पक्क्या, नव्याकोऱ्या फळ्यांवरून तो एकेक पाऊल जपून टाकत निघाला आणि मध्यावर आल्यावर सवयीने थांबून पायाने खालचा दगड शोधू लागला.